लाल औषध

इंदूर, बुधवार, रात्र

आज आमच्या मांजरीला, ठकीला, स्तनाच्या कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचा पुढचा डोस झाला. आधी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत ना, मूत्रपिंडांचं काम कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं नाही ना, हे दर वेळी बघावंच लागतं, कारण हे औषध मांजरांच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं. मग पुढच्या पायाच्या शिरेतून सावकाश. थेंबभर शिरेबाहेर गेलं तरी आतलं मांस जळतं, म्हणून डॉक्टर शेवटपर्यंत सुईपासून हलले नाहीत. ठकी माझ्या कोपरात तोंड खुपसून बसली होती.

रामबागेतली आत्या हट्टाने बरोबर आली होती. नळीतलं लाल औषध बघून म्हणाली, "अगं, हे तर माझंच!" स्तनाच्या कर्करोगावर तिलाही हेच दिलं होतं. ठकीच्या पाठीवर हात ठेवून ती डॉक्टरांना म्हणाली, "माझ्यासारखे हिचे हाल होऊ देऊ नका हो."

डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले, शांत माणूस. म्हणाले, मांजरांना डोस बेतानेच देतात. रोग पुरता जाईलच असं नाही, पण मिळतील ते दिवस खाऊनपिऊन सुखात जावेत, एवढ्यासाठी हे सगळं. केस सहसा गळत नाहीत, मिशा गळतात. ठकीच्या गळायला लागल्याच आहेत.

गाठ दोन सेंटीमीटरहून लहान होती, हे आमचं नशीब. मांजरीच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात, आणि तीन सेंटीमीटरच्या पुढे गेल्या की हाताशी वेळ फार थोडा उरतो. तरी ऑपरेशनमध्ये त्या बाजूचे चारही स्तन काढले, काखेपासून जांघेपर्यंत टाके. ते टाके बघून आईने दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही.

मांजरावर एवढा खर्च, असं लोक विचारतात. मला पैशापेक्षा छळतं ते हे, की आत्याला विचारता आलं, हिला विचारता येत नाही. म्हणून मी बघते, खाते का, अंग चाटते का, खिडकीत उडी मारते का. हे थांबलं तर औषधही थांबवायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवलंय.

रात्री थोडा मासा खाल्ला तिने. दोन-तीन दिवस तिच्या शी-शूची माती हातमोजे घालूनच काढायची आहे, औषध लघवीतूनही बाहेर पडतं.

ठकी आमच्याकडे आली ती मोठी होऊनच. पण खालच्या वहिनींकडे मांजरीची पिल्लं आहेत. आत्ताच जाऊन सांगून आले, माद्यांची नसबंदी सहा महिन्यांच्या आत करा, या रोगाचा धोका नव्वद टक्क्यांनी कमी होतो. शनिवारी दोघी मिळून घेऊन जाणार आहोत.