पैलवानाचं खोदकाम थांबलं एकदाचं (डोंगर तिसऱ्यांदा कोसळल्यावर)

पैलवान म्हणजे माझ्या चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीतला पिकासो ट्रिगर मासा, आणि डोंगर म्हणजे त्यातला दगडांचा ढीग. हा रोज रात्री खालची वाळू उपसतो आणि ढीग कोसळतो. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री पावणेतीनला 'धप्प' झालं आणि मी अंथरुणातून उडालोच. मागचे दोन अपडेट वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. वरचा दगड पुढच्या काचेला टेकलेला, मध्ये हीटर अडकलेला. फुटला नाही हे नशीब. पैलवान कोपऱ्यात, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा दगडावर. ट्रिगरचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात हे ठाऊक असूनही त्या वेळी तो निव्वळ निर्लज्जपणा वाटला.

दगड एकमेकांना इपॉक्सी पुट्टीने चिकटवून टाका असा सल्ला देणाऱ्यांनो, राग मानू नका, पण खालची वाळूच गेली की चिकटवलेला डोंगर एका तुकड्यात पडतो, एवढाच काय तो फरक.

आत्तापर्यंत मी हे भुकेचं लक्षण धरून बसलो होतो. पिकासो वाळूवर डोकं खाली करून तिरका उभा राहतो आणि तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो. वाळू उडते, खालचे किडे-खेकडे उघडे पडतात. समुद्रात सागरी साळूला (सी अर्चिन, काट्यांचा गोळाच तो) उलटं पाडायलाही ट्रिगर हीच युक्ती वापरतात, कारण तिच्या पोटाकडचे काटे आखूड असतात. म्हणून मी तिसऱ्या वाढवल्या. शिंपल्यांसकट देतो, दोन दणक्यांत फोडतो. पोट टम्म, तरी रात्री दगडाखाली खड्डा हाच.

डोंगर नव्याने रचायला त्याला टबात काढायचं होतं. घाईत जाळी घातली. (नवख्यांनी हे करू नये, ट्रिगरला डब्यातच धरायचं.) पाठीवरचा पहिला काटा ताडकन उभा राहून जाळीत रुतला. ओढून उपयोग नाही, कारण मागचा दुसरा छोटा काटा त्याला पाचर मारतो. तो छोटा बोटाने दाबला की मोठा आपोआप आडवा होतो. बंदुकीचा घोडाच, नाव उगाच नाही पडलेलं. सोडवताना हातात गुर्र-गुर्र चाललेलं. छातीचे पर कल्ल्यामागच्या जाड खवल्यांवर घासून तो हवेच्या पिशवीचा ढोल वाजवतो. बोटांना थरथर नीट जाणवते.

आणि त्या ओल्या हातानेच डोक्यात ट्यूब पेटली. हा काटा फक्त शत्रूच्या घशात अडकायला नाही, झोपायलाही आहे! लगूनच्या (प्रवाळाच्या भिंतीआडच्या) उथळ पाण्यात वाळू आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात. तिथे पिकासो आपल्या फटीत शिरतो, काटा छताला लावतो आणि कुलूप घालतो. मग लाट ओढो नाहीतर मोठा मासा. माझ्या डोंगरात गुहा होत्या, पण सगळ्या ऐसपैस. काटा छताला पोचतच नव्हता. बिचारा बुटकी खोली खणत होता आणि मी त्याला गुंड ठरवून मोकळा.

मोजमाप घेतलं. लांबी ११ सेंटीमीटर, अंगाची उंची साडेपाच, काटा उभा धरून जवळपास सात. या वेळी दगड वाळूवर न ठेवता आधी तळाच्या काचेवर पाइपचे पाय दिले, त्यावर दगड, वाळू सगळ्यात शेवटी. घरात ११० मिलिमीटर पाइपचा तुकडा पडला होता, तोच गुहा म्हणून खुपसला. चार रात्री पैलवानाने ढुंकून बघितलं नाही. खड्डे चालूच, फक्त डोंगर हलला नाही. तेवढाही विजय साजरा केला, कुंदा आणला.

रविवारी शहापुरातल्या दुकानात गेलो. "एष्टु इंचु, सार?" मी म्हटलं, तीन. ७५ मिलिमीटरचा वीतभर तुकडा मिळाला. कशाला हवा हे सांगितल्यावर त्याने पैसेच घेतले नाहीत. एका बाजूने बंद करून बसवला.

त्याच रात्री साडेदहाला बॅटरीला लाल कागद लावून बघितलं. आत पैलवान, जरासा कलंडलेला, काटा छताला टेकलेला. पंपाचा झोत नाकासमोर, तरी जागचा हलत नव्हता. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, आता तुम्हीही झोपा की." सहा रात्री झाल्या, दगडाखाली एक खड्डा नाही. पुढच्या मोकळ्या वाळूत दिवसा उकरतो, उकरू दे. आखाडा आहे तो त्याचा.

जाता जाता एक. एका विक्रेत्याने प्रवाळ चिकटलेला 'लाइव्ह रॉक' देऊ केला होता. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घेऊ नका. कोरडा दगड सहा आठवडे भिजवून मुरवला तरी चालतो. आणि चोर्ला घाटातून गोव्याच्या समुद्राचं पाणी कॅन भरून आणणाऱ्यांनी पावसाळ्यात तरी मत्स्यालयाचं मीठच वापरावं. नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याची खार उतरते, माझ्या रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या यंत्राने) तीनदा दाखवलंय. त्याच कामाच्या प्लास्टिकच्या तरंगत्या काट्याच्या मापकावर माझा विश्वास नाही.

पुढचा बेत रेडटूथ हा दुसरा ट्रिगर मासा आणायचा होता, ज्याला मलपे बंदराकडे 'कारगिल' म्हणतात तोच. रद्द. तो प्रवाहात तरंगून प्लवक टिपणारा, हा उथळ वाळूतला. चार फुटांत दोघांचं जमायचं नाही. शिवाय पिकासो समुद्रात ३० सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे पाइपही दर काही महिन्यांनी बदलावा लागणार...

थांबा. पाइप कशाला? शहाबादी फरशीचे दोन तुकडे तिरके लावले, एका टोकाला बुटकं आणि दुसऱ्या टोकाला उंच, तर वाढेल तसा तो आपली उंची आपणच निवडेल! फरशी चुनखडीची, खाऱ्या पाण्याला त्रास नाही. अंगणात तुळशीमागे चार तुकडे पडलेत. आईने ते कशासाठी तरी राखून ठेवलेत, सकाळी विचारतो.