एक रिब कमी होती

स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि शाळेतले सगळे दिवस एकदम गोळा झाले. पण लिहायला बसलो की पेन कार्यानुभवाच्या खोलीतच जाऊन थांबतं. बाकीच्या गुरुजनांबद्दल आदर आहेच, पण मला घडवलं ते आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी.

आठवीत सरांनी आमच्या गटाला बाल्सा लाकडाच्या विमानाचं किट दिलं. खोक्यात पातळ फळ्या, काड्या, टिश्यू कागद, पुढचा पंखा, रबर आणि घडी घातलेला प्लॅन. बाल्सा पाण्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतका जड. बोथट ब्लेडनं तो कापला जात नाही, चेंगरतो. म्हणून नवं ब्लेड लावल्याशिवाय सर फळीला हात लावू देत नसत. सॉफ्टबोर्डवर प्लॅन, त्यावर गोंद चिकटू नये म्हणून पातळ प्लॅस्टिक. टाचणी काडीत टोचायची नाही, दोन्ही बाजूंना टेकवून काडी धरायची.

पंखाच्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या बरगडीसारख्या पट्ट्या, मांडल्या तर एक कमी भरली. आम्ही हिरमुसलो. खोकं परत करू, असं कोणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "अरे, शेजारची रिब आहे ना? मग झालं की." त्यांनी उरलेली फळी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून दाखवली. लाकडातल्या रेषा ज्या दिशेनं जातात त्या दिशेनं फळी ताठ राहते, म्हणून रिबेच्या लांबीतच रेषा हव्यात. शेजारच्या रिबेवरून आम्ही नवी आखली, किंचित मोठी कापली. मग साऱ्या रिबा एकावर एक रचून टाचण्यांनी जखडल्या आणि सगळा गठ्ठा एकत्र पॉलिशपेपरनं घासला. अख्खा तास एका रिबेवर गेला. किटमधल्या रिबांच्या कडा कापणाऱ्या ठशानं दबल्या होत्या, आमची मात्र स्वच्छ कापलेली होती. सरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. त्या वयात मला याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

पुढे टिश्यू चढवून पाण्याचा फवारा मारला की कागद आक्रसून ताणला जातो, मग डोप, म्हणजे कागद घट्ट करणारा पातळ लेप. पंख वाळेपर्यंत फळीवर जखडूनच ठेवायचा, नाहीतर पीळ पडतो आणि विमान एका अंगाला वळतं. या वाट पाहण्यात सरांनी पेनो या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. १८७१ मध्ये पॅरिसच्या एका बागेत त्यानं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवलं होतं. १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही त्याच्याच रचनेवरचं. सरांना हे सारं तोंडपाठ होतं.

रबर पिळण्याआधी गवतावर नुसतं तरंगवून पाहायचं, नाक किंचित खाली ठेवून. आमचं विमान वर नाक काढून थबकायचं आणि धपकन पडायचं. सर नाकात चिमूटभर माती दाबत, पुन्हा सोडायला लावत. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर तोल आला, तेव्हा ते सरळ सरकत गेलं.

आज माझा साचे बनवण्याचा कारखाना आहे. कामाला आलेल्या नव्या मुलांना मी आधी सुटे भाग गोंद-बोल्ट न लावता बसवून पाहायला सांगतो. ही सरांची शिस्त. हे त्यांना समक्ष सांगायचं राहून गेलं, याची खंत वाटते.

हल्ली लेसरनं कापलेले भाग अचूक येतात, फोमची विमानं तर काही मिनिटांत तयार होतात. छानच उडतात ती. पण कार्यानुभवाची खोली आता संगणकांना दिली आहे, असं ऐकलं आणि जीव कळवळला. संगणक हवेतच. तरी शाळेनं एखादं लांब टेबल आणि आठवड्यातला एक तास द्यावा. किट, ब्लेड, सॉफ्टबोर्ड मी पाठवीन. सुट्टी काढून शिकवायलाही येईन.