नेफा शोधत तवांगला

आजोबांच्या तोंडी अरुणाचल कधी आलं नाही, त्यांच्यासाठी तो कायम 'नेफा', म्हणजे नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी. यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, या गोष्टीत नेफा हमखास यायचा. हे नाव उणीपुरी अठरा वर्षं टिकलं, १९५४ ते १९७२. गेल्या नोव्हेंबरात तवांगला गेलो तो त्याच्या खुणा बघायला.

नेफाचा कारभार बरीच वर्षं परराष्ट्र खात्याकडे होता आणि मुख्यालय शिलाँगला. आदिवासींवर बाहेरचं काही लादू नये, असा आग्रह धरणारे सल्लागार होते व्हेरिअर एल्विन. हे गृहस्थ भारतात पहिल्यांदा आले ते आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात!

पण माझ्या मनात घर केलं ते मेजर बॉब खाथिंग यांनी. मणिपूरचे तांगखुल नागा. फेब्रुवारी १९५१ मध्ये आसाम रायफल्सची तुकडी घेऊन ते पायी तवांगला पोहोचले आणि एकही गोळी न झाडता तिरंगा फडकवला. तोवर तिथले मोनपा लोक तिबेटी अधिकाऱ्यांना कर भरत होते. तवांगला जाणारे आपण सगळे १९६२ चा पराभव आठवतो, खाथिंग मात्र आठवत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं. तवांगमध्ये २०२४ साली त्यांच्या नावाचं संग्रहालय झालंय. तिथे घाई करू नका.

अरुणाचलात शिरायला लागणारं इनर लाइन परमिट ऑनलाइन मिळतं. भालुकपोंगच्या नाक्यावर तपासतात, म्हणून छापील प्रती जवळ ठेवा. तेजपूरहून एका दिवसात तवांग गाठायचा हट्ट नको. दिरांगला मुक्काम केलात तर उंचीचा त्रास कमी होतो. आम्ही बोमडिलाला चहाशिवाय कुठे थांबलोच नाही आणि रात्रभर सगळ्यांची डोकी ठणकत होती.

बोगदा झाल्यापासून गाड्या सेला खिंड टाळतात. ड्रायव्हरला आधीच सांगा, जुन्या रस्त्याने वर न्या. १३,७०० फुटांवर वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहिलं, की १९६२ च्या थंडीत सुती गणवेशातल्या जवानांचं काय झालं असेल ते कळतं. पुढे जसवंतगडच्या युद्धस्मारकाशी जवान वाफाळता चहा देतात. माझ्या हातातला पेला थरथरत होता, तर एकाने तो काढून घेतला, अर्धा रिकामा केला आणि परत दिला.

चीन सीमेवरच्या बुमला खिंडीचं परमिट तवांगमध्ये आदल्या दिवशीच काढा, मूळ ओळखपत्र लागतं. आणि निघा पहाटे; संध्याकाळी साडेचारनंतर तिथे अंधारच पडतो.