सोलापूरचा उन्हाळा आणि भिंगातील प्रथिन : आमची वाटचाल

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांच्या शेजारी, आमची छोटी प्रयोगशाळा गेली अकरा वर्षे चालू आहे. पहिली चार वर्षे आम्ही महाविद्यालयांना काचसामान आणि रसायने पुरवत होतो. त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही, निम्मे वर्ष उधारी वसूल करण्यात जात असे. मानवी डोळ्याच्या भिंगातील फाकिनिन हे प्रथिन तयार करण्याकडे आम्ही वळलो ते मोतीबिंदूवर संशोधन करणाऱ्या एका बाईंच्या विचारणेमुळे. त्यांना ते परदेशातून मागवावे लागे, आणि पार्सल वाटेत अडकून पडले की हाती येईपर्यंत त्यातील कोरडा बर्फ संपलेला असे.

भिंगाच्या तंतुपेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देतात, त्यामुळे भिंगाच्या गाभ्यात नवे प्रथिन घडत नाही आणि जन्माआधी घडलेले प्रथिनच माणसाला आयुष्यभर पुरवावे लागते. याच पेशींच्या सांगाड्यात फाकिनिन आणि फिलेन्सिन ही दोन प्रथिने मिळून मण्यांच्या माळेसारखे दिसणारे तंतू तयार करतात. उंदरांमध्ये या दोहोंपैकी एक जरी नसले, तरी असे तंतू बनत नाहीत. आमच्या घरी यंत्रमाग होते, त्यामुळे नुसत्या उभ्या धाग्यावर कापड होत नाही हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. फाकिनिनच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या मोतीबिंदू होतो, हे २००० साली प्रसिद्ध झाले; त्यांपैकी एका दोषात ४१५ अमिनो आम्लांच्या साखळीतील २८७ व्या ठिकाणचे अर्जिनिन जाऊन तेथे ट्रिप्टोफॅन येते. एवढ्याशा बदलाने काय बिघडते हे तपासायचे, तर आधी निर्दोष प्रथिन हाताशी हवे.

ते आम्ही ई. कोलाय जिवाणूंकडून करून घेतो. मानवी जनुकाची प्रत त्यांच्यात घातली की ते प्रथिन भरपूर तयार करतात, परंतु ते पाण्यात न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात पेशीतच साठते. जिवाणू फोडून, गोळे धुऊन, ते ८ मोलर युरियाच्या द्रावणात विरघळवावे लागतात आणि मग निकेलच्या कॉलमवरून, म्हणजे हवे ते प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेलयुक्त नळीतून, शुद्ध करावे लागतात. पहिल्याच वर्षी जेलवर, म्हणजे प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, ४६ किलोडाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जवळपास एकच ठळक निळी पट्टी आली, आणि आता काम साधले असे आम्हाला मनापासून वाटले.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच बाईंचा फोन आला. “जेलवर सगळे स्वच्छ दिसते आहे, पण वस्तुमान जुळत नाही, आणि तंतूही तयार होत नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मोजणीत प्रथिनाचे वजन ४३ डाल्टनच्या पटींत वाढलेले होते. ४३ डाल्टन ही युरियाची खूण आहे. युरियाचे द्रावण ठेवून दिले की त्यात हळूहळू सायनेट तयार होते, ते प्रथिनातील लायसिनला चिकटते आणि तेथील धन विद्युतभार नाहीसा होतो. उष्णतेत हे फार वेगाने घडते.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. युरिया पाण्यात टाकला की भांडे हाताला गार लागते आणि विरघळण्याचा वेग मंदावतो, म्हणून आमचा एक सहकारी ते हॉट प्लेटवर ठेवून कोमट करून घेत असे. शिवाय शनिवारी केलेले द्रावण सोमवारी वापरले जात होते, आणि मधले दोन दिवस ते सोलापूरच्या चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत पडून राही. चूक त्याची नव्हती. असे करू नये हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. ती बॅच ज्यांना ज्यांना गेली होती त्या सर्वांना आम्ही कळवले, माल परत घेतला आणि पैसे परत केले. त्या वर्षी नवा शेकर घेणे राहून गेले.

तेव्हापासून युरियाचे द्रावण ज्या दिवशी करायचे त्याच दिवशी वापरायचे, न तापवता वेळ देऊन विरघळू द्यायचे आणि आयन काढणाऱ्या रेझिनमधून गाळून घ्यायचे, असा नियम आहे. प्रत्येक बॅचचे वस्तुमान बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून घेतो आणि तो आलेख कुपीबरोबर पाठवतो. जेलच्या छायाचित्रावर विसंबून राहत नाही. हे प्रथिन घडी उलगडलेल्या अवस्थेत युरियामध्ये आहे, आणि तंतू हवे असतील तर डायलिसिसने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, युरिया सावकाश काढावा लागेल, हेही लेबलवर स्पष्ट लिहितो. विक्री त्यामुळे थोडी कमी होते, कारण पुष्कळांना थेट वापरता येणारे प्रथिन हवे असते. पण कुपीत जे नाही ते आहे असे लिहिणे मला मान्य नाही.

आमचे नाव ऐकून गावाकडून मोतीबिंदूच्या औषधासाठीही फोन येतात. परवा मोहोळहून एका आजोबांनी थेंब मिळतील का, असे विचारले. हे प्रथिन केवळ प्रयोगशाळेसाठी आहे, ते डोळ्यात घालायचे नसते आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, हे मी प्रत्येकाला स्वतः बोलून सांगतो.

सध्या आम्ही फिलेन्सिनच्या मागे आहोत. ते ६६५ अमिनो आम्लांचे, म्हणजे बरेच लांब असून, शुद्ध करताना त्याचे तुकडे पडतात आणि निकेलच्या कॉलमवरून अखंड प्रथिनाबरोबर काही तुकडेही उतरतात. तीन प्रयत्न झाले, तिन्ही वेळा मुख्य पट्टीखाली फिकट पट्ट्या दिसल्या. त्या जाईपर्यंत फिलेन्सिन आमच्या दरपत्रकात येणार नाही.