थोडा वेळ थांबलं की चालू होतो

बटण दाबलं की आतला पंखा अर्धा फेरा घ्यायचा, समोरचा दिवा लुकलुकायचा आणि सगळं शांत. अकाउंट्समधल्या मॅडमच्या टेबलाखालच्या डेस्कटॉपची त्या सकाळी ही अवस्था होती आणि त्यांना दुपारपर्यंत पगारपत्रक पूर्ण करायचं होतं.

“काल खूप तापला होता हो. दोनदा आपोआप बंद पडला. आणि सकाळी तर काय होतं माहितीये का...” त्या पुढेही काही सांगत होत्या, पण मी तोवर टेबलाखाली शिरलो होतो. तापला आणि बंद पडला एवढं ऐकल्यावर माझं निदान तयार होतं.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. गार झालं की ते पुन्हा सुरू व्हायला हवं. हा डबा रात्रभर बंद होता, पत्र्याला हात लावला तर थंडगार. मग तापल्यामुळे तो आत्ता का बंद राहावा? हा प्रश्न मला पडला नाही. अनुभव वाढला की असे साधे प्रश्न पडेनासे होतात.

बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता, उचकटला तर अखंड निघाला. पंख्याचं पातं बोटानं धरून हवा मारली. मोकळं सोडलं तर भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. मग हीटसिंक जरासा हलवून पाहिला आणि तो हलला. चार प्लास्टिक पिनांपैकी एक वर आलेली होती. तो कोपरा प्रोसेसरवरून उचलला गेला होता आणि त्या बाजूची, उष्णता हीटसिंककडे पोचवणारी पेस्ट सुकून खपली झाली होती.

हा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, आठ महिन्यांपूर्वी मीच बसवला होता. या पिना कोपऱ्याकोपऱ्यानं, समोरासमोरच्या, खटका ऐकू येईपर्यंत दाबायच्या असतात, आणि मग मदरबोर्डच्या मागून प्रत्येक पिनेचं टोक फाकलंय का ते बघायचं असतं. मागून बघायला बोर्ड सोडवावा लागतो. मी त्या वेळी खटक्यावर विश्वास ठेवला होता. तीन खटके आणि एक भास, असं काहीतरी झालं असणार.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावली आणि या वेळी मागून टॉर्च मारून चारही टोकं पाहिली. मनातल्या मनात केस बंद करून बटण दाबलं. पंख्याचा अर्धा फेरा, आणि शांत.

मग नेहमीची उतरंड. हार्ड डिस्क, डीव्हीडी, यूएसबी सगळं काढलं. रॅमची एकच पट्टी ठेवली, तिचे संपर्क पुसले. समोरचं बटणच खराब असेल म्हणून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवून पाहिल्या. बोर्डावरचा बटणसेल काढून परत घातला. फरक शून्य. शेवटी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वेगळा केला आणि बोर्डाशिवाय सुरू करायला त्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली. त्याचा पंखा छान फिरायला लागला. म्हणजे एसएमपीएस ठीक, मदरबोर्ड गेला, असं मी जाहीर करून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. “मघाशी तेच सांगत होते. गेले पंधरा दिवस सकाळी बटण दाबलं की चालू होत नाही. मागचा स्विच चालू करून अर्धा तास ठेवला की मग होतो. गारठा असेल तर जास्त वेळ लागतो. आज अर्ध्या तासानंही झाला नाही.”

एवढ्या नेमक्या वर्णनाची तक्रार मला वर्षानुवर्षांत मिळालेली नाही. तापून बंद पडणारं मशीन आता गार असल्यामुळे सुरू होत नव्हतं. एसएमपीएसमधले वीज साठवणारे कॅपॅसिटर सतत उष्णतेत राहिले की आतून सुकत जातात, ढोबळ हिशेबानं दर १० अंशांना आयुष्य निम्मं. सुकलेला कॅपॅसिटर थंड असताना फारच दुबळा असतो, थोडा कोमट झाला की जेमतेम काम करतो. बटण दाबण्याआधीही एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग चालूच असतो. मॅडम अर्धा तास थांबत होत्या तेव्हा तो स्वतःला शेकत बसलेला असायचा.

कनेक्टर बोर्डाला पुन्हा जोडला आणि त्याच्या मागच्या बाजूनं स्टँडबायच्या जांभळ्या वायरीला मल्टिमीटरची सुई टेकवली. ४.३ व्होल्ट. ४.७५ च्या खाली जाता कामा नये. बटण दाबताना आकडा आणखी घसरला. हिरव्या-काळ्या वायरीच्या चाचणीत बोर्डाचा भार नसतो, म्हणून तिथे तो शहाण्यासारखा वागला होता. जाळीतून टॉर्च मारली तर आत एका कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं आणि तपकिरी डाग. डबा उघडला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो, तिथे माझी हौस संपते.

कपाटातला जादा एसएमपीएस लावला आणि मशीन पहिल्या दाबाला सुरू झालं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं तापमान ३८ अंश.

या जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला, प्रोसेसरच्या डोक्यावर असतो आणि त्याचा पंखा तिथलीच हवा ओढतो. धुळीचा वाटा होताच, पण आठ महिने ती पिन त्याला भट्टीची हवा पाजत होती. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. क्रमांक ४१ च्या, म्हणजे मशीन नीट बंद न होता अचानक बंद पडल्याच्या नोंदींची रांग. वीज गेली तरी ही नोंद होते, म्हणून शेजारच्या मशीनवर त्याच तारखा पाहिल्या. तिथे काही नव्हतं. पहिली नोंद कूलर बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली होती.

“मध्ये एकदा हळू चालतो म्हणून बोलावलं होतं तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या.

बोलावलं होतं. मी टेम्प फाइल्स उडवून दिल्या होत्या.

त्या पगारपत्रकाकडे वळल्या आणि मी देखभालीच्या वहीत नोंद करायला बसलो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कूलरची पिन निघाली होती.’ मग ‘निघाली’ खोडून ‘बसवायची राहिली’ केलं आणि खाली सही केली.