राजकन्येला खिसा नसतो

सोलापूरचा मे, पारा 42 च्या पुढे, आणि नवी पेठेत दुकानाबाहेर हँगरला राजकन्येचे फ्रॉक, नायलॉनच्या नेटचे तीन-तीन थर लटकलेले. एक गुलाबी, एक 'फ्रोझन'मधल्या एल्साचा फिकट निळा, एक पिवळाधमक. ज्या गावाने देशभर सुती चादरी आणि टॉवेल पुरवले, त्या गावातल्या पोरी वाढदिवसाला प्लास्टिक घालतात. असो.

असा फ्रॉक उलटा करून पाहावा. पाच वर्षांच्या मुलीची कंबर साधारण 21-22 इंच. त्यावर चुण्या पाडायला कॅन-कॅनची, म्हणजे घेर फुगवणाऱ्या कडक नेटची, पट्टी निदान तिप्पट, म्हणजे 66 इंच लागते. कमी घेतली की घेर भिजलेल्या कोंबडीसारखा बसतो. ही कडक नेट थेट कमरेच्या शिवणीत घातली, तर अर्ध्या तासात पोर खाजवायला लागते. जाणता शिंपी आधी कमरेला चार इंचांचा सुती पट्टा लावतो, कॅन-कॅन त्याच्या खाली जोडतो आणि नेटची कापलेली कड पायपिंगमध्ये बंद करतो. रेडिमेडमध्ये नेमके हेच चार इंच वाचवलेले असतात. मुंढ्याचंही, म्हणजे बाही जोडतात त्या कापाचंही, तेच. एकाच मापात दोन-तीन वयं बसावीत म्हणून तो खोल कापतात. मग हात वर केला की बाहीसकट सगळा फ्रॉक वर सरकतो. चेन पाठीला, म्हणजे घालायला एक माणूस, काढायला एक माणूस. सू करायची तर आई हवीच.

सिनेमातल्या राजकन्यांचे कपडेही दुसरेच ठरवतात. 1950 च्या सिंड्रेलाचा झगा उंदीर-पाखरं शिवतात, सावत्र बहिणी फाडतात, मग परी नवा देते. 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त तो गुलाबी हवा की निळा, यावर पऱ्यांची जुंपते. घालणारीला कुणी विचारत नाही. 2012 च्या 'ब्रेव्ह'मधली मेरिडा मात्र आपली. स्वतःच्याच स्वयंवरातल्या नेमबाजीत ती स्वतः उतरते, घट्ट झग्यात धनुष्य ताणता येईना म्हणून शिवणी उसवून टाकते आणि मग बाण सोडते. सगळे तिच्या बंडाबद्दल बोलतात. भानगड मुंढ्याची होती, हे शिंप्यालाच कळेल.

माझं भांडण खिशाशी आहे. याच शहरात गल्लोगल्ली शाळेचे गणवेश शिवले जातात. मुलाच्या चड्डीला दोन खिसे, शर्टाला एक. राजकन्येला शून्य. तिला काय ठेवायचंय, असं विचारतात. खडे, अर्धं खोडरबर, चिंचोके! आता, नेटला खिसा शिवला तर वजनाने नेट फाटते, हे खरं. पण तो अस्तराच्या बाजूच्या शिवणीत घालावा: कमरेपासून अडीच इंच खाली, तोंड साडेचार इंच, खोली पाच, आणि वरची कड एका पट्टीने कमरेच्या शिवणीला टाचून टाकावी, म्हणजे भार कमरेवर येतो. हात जायला वरच्या नेटच्या शिवणीत तेवढीच फट सोडायची. दहा मिनिटांचं काम.

आपल्या नऊवारीला कनवटी होती. पैसे, किल्ली, तपकिरीची डबी, सगळं कमरेला आणि दोन्ही हात मोकळे. स्नेहसंमेलनात पोरींना जिजाऊ करतात, अहिल्याबाई करतात, ती इलॅस्टिकची शिवलेली नऊवारी. तिच्यात बहुतेक वेळा कनवटीच नसते. राज्य चालवणाऱ्या बाईने किल्ल्या ठेवायच्या कुठे?

तशी सोलापुरातली सगळ्यात थोर नवरी राजकन्या नव्हेच. संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या लग्नाच्या. कथेत लग्नाचा हट्टही तिनेच धरलेला. पण कुंभारकन्येचा फ्रॉक कोण शिवणार? त्याला घेर नाही.

हौस आहे तर घ्या फ्रॉक, मुली त्यात गिरक्या घेतात ते बघवतंही छान. फक्त केकवरच्या मेणबत्त्या आणि दिवाळीतल्या पणत्या तिच्यापासून लांब ठेवा. नायलॉनची नेट पेटली की वितळते आणि कातडीला चिकटते. तसं झालं तर चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही. आधी नळाचं गार पाणी, निदान 20 मिनिटं, आणि मग थेट दवाखाना.