तुम्ही विचारलंत म्हणून: मेट काढायला मी का अडवतो

"सर, एक मेट काढून पार्ट सरकवला तर बिघडतं काय? नंतर लावू की परत!" भोसरीत आमच्या डिझाइन टेबलवर दर दोन-चार दिवसांनी हे कुणीतरी विचारतंच. मी नाही म्हणतो, आणि हा माणूस उगाच अडवतो असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मेट म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी डिझाइनमध्ये (CAD) दोन पार्ट एकमेकांना कसे जोडलेत हे सांगणारी अट. ती काढायला मी का अडवतो, ते एकदा नीट सांगतो.

पार्ट हलत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा त्याने हलूच नये असं आपणच सांगितलेलं असतं. सुटा पार्ट तीन दिशांना सरकतो आणि तीन अक्षांभोवती फिरतो. पिन आणि भोक कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकाच अक्षावर, केलं की सहापैकी चार हालचाली बंद. फेसला फेस टेकवला की पाचवी बंद. उरतं पिनभोवती फिरणं, आणि तेच तर आपलं मशीन. तेही होत नसेल तर कारण शोधायचं. मेट उडवायचा नाही.

आता ज्यामुळे मी असा झालो ते.

वेल्डिंग फिक्स्चर होतं, म्हणजे वेल्ड करायचा भाग (जॉब) पकडून ठेवणारी चौकट. हवेच्या सिलिंडरवर चालणारा क्लॅम्प, रॉड बाहेर आला की बंद, आत गेला की उघडा. कस्टमर स्क्रीन शेअरवर होता. म्हणाला, "क्लॅम्प उघडून दाखवा, जॉब निघतो का बघू." मी क्लॅम्पचा आर्म स्क्रीनवर ओढला, हलेना. सिलिंडरची सबअसेंब्ली (त्याच्या पार्टचा गट) नेहमीसारखी रिजिड होती, म्हणजे तिच्या आतले पार्ट आपापसात हलत नव्हते. ती फ्लेक्झिबल करायला दोन क्लिक पुरले असते. पण फाइल जड, रिबिल्डला (मॉडेल नव्याने जुळायला) मिनिट-मिनिट लागत होतं, आणि समोरचा खोळंबलेला. मी रॉड आणि आर्म यांच्यातला कॉन्सेंट्रिक मेट सप्रेस केला, म्हणजे तात्पुरता बंद केला. आर्म मोकळा झाला, तो मी ७५ अंशांवर नेऊन ठेवला. जॉब छान सुटत होता. डिझाइन मंजूर झालं.

कॉल संपल्या संपल्या मी मेट पूर्ववत केला. आर्म जागेवर आला, ट्रीमध्ये (फाइलमधल्या पार्ट-मेटच्या यादीत) एकही एरर नाही. तुम्ही जे "नंतर लावू" म्हणता ना, ते मी तिथल्या तिथे केलं होतं.

आर्म ज्याभोवती फिरतो त्या पिव्होटपासून रॉडच्या पिनपर्यंत अंतर ६० मिमी, सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे रॉडची धाव, ५०. एवढ्यात आर्म साधारण ४९ अंश फिरतो, ७५ नाही.

ट्रायलच्या दिवशी हवा सोडली. रॉड पूर्ण आत गेला आणि आर्म अर्ध्यावर थांबला. जॉबची फ्लँज (बाहेर आलेली कड) क्लॅम्पच्या टोकाला अडत होती. फिटरकाकांनी दोनदा जॉब तिरका करून पाहिला, मग खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, कॉम्प्युटरवर हा उघडला होता ना?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि तेच मला अजून सलतं.

८० स्ट्रोकचा सिलिंडर आणला तर तो लांब, त्याचा मागचा ब्रॅकेट बेसप्लेटच्या बाहेर जाऊ लागला. नवा ब्रॅकेट, नवी भोकं, प्लेटला जोड. काका दोन रात्री थांबले. माझ्या एका राइट-क्लिकचं काम त्यांच्या अंगावर पडलं होतं.

तेव्हाचा मी म्हणेल, वेळ नव्हता, कस्टमर समोर होता, सगळेच असं करतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच्या लेखी मेट म्हणजे पार्ट जागेवर राहावा म्हणून ठोकलेला खिळा होता. आर्म किती उघडेल हे त्या फाइलमध्ये फक्त त्या एका मेटला ठाऊक होतं, आणि मी नेमकं त्यालाच गप्प केलं.

नुसतं आतलं बघायचं असेल तर पार्ट हाइड करा. इन्व्हेंटर या CAD सॉफ्टवेअरमध्ये फ्री मूव्ह आहे, त्याने मेट न काढता पार्ट तात्पुरता सरकतो, अपडेट केलं की पार्ट जागेवर परततो. पण प्रश्न "हे हलेल का?" असा असेल तर सबअसेंब्ली फ्लेक्झिबल करा, स्ट्रोकला ० ते ५० चा लिमिट मेट (हालचालीची हद्द ठरवणारा) लावा आणि मग ओढा. अडेल तिथे अडू द्या.

मोठ्या असेंब्लीत सगळंच फ्लेक्झिबल ठेवलं तर फाइल रांगते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या महिन्यात मीही एक मेट सप्रेस केला, आणि विसरू नये म्हणून चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवली. तिचा उपयोग किती, कोण जाणे. त्या दिवशी तरी मी मेट परत लावायला कुठे विसरलो होतो?